थोरल्याचा निवाडा

'बेटर कॉल सॉल' ही अमेरिकी मालिका एएमसी वाहिनीवर ८ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि सहा पर्वे, ६३ भाग होऊन १५ ऑगस्ट २०२२ रोजी संपली. व्हिन्स गिलिगन आणि पीटर गूल्ड हे तिचे कर्ते. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात वकिली करणारे दोन सख्खे भाऊ तिच्या पहिल्या तीन पर्वांचा कणा आहेत. थोरला चक मॅकगिल (मायकल मॅकीन) हा 'हॅम्लिन, हॅम्लिन अँड मॅकगिल' या बड्या वकिली पेढीचा भागीदार आणि कायद्याचा गाढा पंडित. धाकटा जिमी (बॉब ओडेनकर्क) हा शिकागोजवळच्या सिसेरो गावचा जुना भामटा. निसरड्या जागी मुद्दाम घसरून पडायचे आणि भरपाई उकळायची, हा त्याचा तरुणपणीचा धंदा. एका किळसवाण्या प्रकरणात तो तुरुंगाच्या दारात उभा असताना चकने त्याला सोडवले, अल्बुकर्कीला आणले आणि आपल्याच पेढीच्या टपाल विभागात चिकटवून दिले. टपाल वाटता वाटता जिमीने पत्राद्वारे कायद्याची पदवी घेतली, पात्रता परीक्षाही पास केली आणि एक दिवस वकिलीची सनद घेऊन थोरल्यापुढे उभा राहिला.

भावाभावांच्या वैराला मराठीत भाऊबंदकी हा शब्द तयार आहे. पण त्यामागे बहुधा वाटणी असते. बांध, वाडा, सातबाऱ्यावरचे नाव असे काहीतरी. मॅकगिल बंधूंकडे वाटून घ्यायला काही उरलेलेच नाही. बापाचे दुकान कधीच बुडाले, आईबाप गेले. भांडण आहे ते त्या सनदेवरून. जिमीला ती मिळायला हवी होती का, आणि हे ठरवायचे कुणी? मालिकेवरचे बहुतेक वाद पहिल्या प्रश्नापाशी थांबतात. मालिका मात्र दुसऱ्या प्रश्नावर उभी आहे.

पहिला पूर्वपक्ष असा की, चक हाच या कथेचा खलनायक. याला आधार भक्कम आहे. जिमी पास झाल्याचे कळताच चक तोंडावर त्याचे कौतुक करतो आणि पाठीमागे पेढीचा दुसरा भागीदार हॉवर्ड हॅम्लिन याला बजावतो की याला वकील म्हणून घ्यायचे नाही. नकार देण्याचे काम हॉवर्डच्या अंगावर येते आणि जिमी वर्षानुवर्षे दात खातो तो हॉवर्डवर. पुढे चकला विजेची बाधा जडते. घरातली वीज तोडून तो कंदिलाच्या उजेडात राहतो, आणि जिमी बर्फ, वाणसामान, वर्तमानपत्रे पोहोचवत राहतो. इस्पितळातली डॉक्टर चकच्या नकळत त्याच्या खाटेची वीज चालू करून दाखवते. चकला काहीही होत नाही. आजार मनाचा आहे हे जिमीला त्या क्षणी कळते. भावाला सक्तीने दाखल करून त्याचा पालक झाला, तर पेढीतला चकचा कोट्यवधींचा हिस्सा काढून घेणे त्याच्या हातात येईल. तो तसे करत नाही.

पहिल्या पर्वाच्या शेवटी चकचे बिंग फुटते. वृद्धाश्रमात राहणाऱ्यांची जादा आकारणी करून लूट चाललेली जिमी हुडकून काढतो, त्यासाठी कचऱ्याच्या पेटीत उतरून कागदांच्या चिंध्या गोळा करतो आणि एवढे मोठे प्रकरण पेढीच्या दारात आणून ठेवतो. चक रात्री गुपचूप जिमीच्याच फोनवरून हॉवर्डला सांगतो, प्रकरण ठेवून घ्या, माणूस नको. उतरलेल्या बॅटरीवरून जिमीला संशय येतो. समोरासमोर गाठल्यावर चकच्या तोंडून खरे बाहेर पडते. तू खरा वकील नव्हेस, हे त्याचे सार. मराठीत ज्याला माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, तेच चक बंदुकीची उपमा देऊन सांगतो.

एवढे पाहिले की 'चकने प्रेम दिले असते तर जिमीचा सॉल गुडमन नावाचा लबाड वकील झाला नसता' हे विधान सोपे वाटू लागते. ते टिकत नाही. तिसऱ्या पर्वात जिमी त्याच वृद्धाश्रमाच्या दाव्यातली तडजोड लवकर व्हावी आणि आपला वाटा हाती यावा म्हणून आयरीन नावाच्या साध्याभोळ्या म्हातारीविरुद्ध तिच्या मैत्रिणींचे कान भरतो, तिला एकटी पाडतो. या म्हातारीचा चकच्या नकाराशी काडीचाही संबंध नाही. पुढे जिमी आपले कारस्थान उघड करून तिची इज्जत परत मिळवून देतो, हेही खरे. पण म्हणजे काय चुकते आहे हे त्याला कळत होते. चक गेल्यानंतरची पर्वे तर याहून बोलकी आहेत. चकच्या मृत्यूचे पाप आपल्या माथी आहे असे समजून हॉवर्ड कोलमडतो. खरी गोष्ट (ती पुढे येईल) माहीत असलेला जिमी त्याला ते ओझे खुशाल वाहू देतो आणि हलक्या मनाने माशांना खाणे घालायला उठतो. सहाव्या पर्वात जिमी आणि त्याची जोडीदार वकील किम वेक्सलर मिळून हॉवर्डची अब्रू पद्धतशीर धुळीला मिळवतात, आणि त्या खेळाच्या शेवटी हॉवर्डचा हकनाक बळी जातो. तोवर चकला जाऊन बराच काळ लोटलेला आहे. मेलेल्या माणसाच्या खाती किती पापे मांडायची?

शिवाय चक खलनायक म्हणून घडवलेलाही नाही. मूळ बेत हॉवर्डला खलनायक करण्याचा होता. पहिले पर्व लिहिता लिहिता चकच्या मनातली अढी लेखकांना गवसली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. पात्राच्या आतून निघालेली ही अढी आहे, कथानकाच्या सोयीसाठी बाहेरून चिकटवलेली नाही. म्हणूनच ती इतकी खरी वाटते.

दुसरा पूर्वपक्ष नेमका उलटा आहे: 'चकच बरोबर होता.' मालिका संपल्यावर हे मत विशेष बळावले. त्याचे म्हणणे असे की चकने केलेला एकही आरोप खोटा ठरत नाही. दुसऱ्या पर्वात मेसा व्हर्दे या बँकेचे काम चक किमच्या हातून हिसकावून घेतो. तेव्हा जिमी रात्र जागून चकच्या कागदपत्रांत एका रस्त्यावरचा घरक्रमांक १२६१ चा १२१६ करून ठेवतो. सुनावणीत चक तोंडघशी पडतो. जिमी कुठे बसला, काय कापले, कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढल्या, हे सगळे चक केवळ तर्काने जुळवतो आणि ते शब्दशः खरे असते. 'ब्रेकिंग बॅड' (२००८ ते २०१३) ही याच जगातली आधीची मालिका पाहिलेल्या प्रेक्षकाला तर हा माणूस पुढे अमली पदार्थांच्या धंद्याचा वकील सॉल गुडमन होणार, हेही आधीच ठाऊक असते. मग चक द्रष्टाच म्हणायचा.

या पक्षातली पहिली खोट काळाची आहे. चकने जिमीची वाट अडवली ती कागद बदलण्याच्या आधी, अल्बुकर्कीत आल्यापासून त्याने टपाल विभागात इमाने काम केले असताना. शिक्षा आधी झाली, गुन्हा मागाहून आला. जो पुरावा चकपाशी तेव्हा नव्हता आणि प्रेक्षकाला जुन्या मालिकेने उसना दिला आहे, तो चकच्या बाजूने मांडणे हा न्याय नव्हे. भाकीत खरे ठरले एवढ्याने भाकीत करणारा निर्दोष ठरत नाही. भाकीत खरे होण्यात त्याचाच हात असेल तर मुळीच नाही.

दुसरी खोट पुराव्याची. चक किमला बापाच्या दुकानाची गोष्ट सांगतो. हिशेबात १४,००० डॉलरची तूट निघाली, ती जिमीच्या हातलावीमुळे. दुकान विकावे लागले आणि बाप खचून गेला. त्याच पर्वात लेखक प्रेक्षकाला १९७३ मधले ते दुकान दाखवतात. कुणीही रडकथा सांगावी आणि बापाने गल्ला उघडावा, असा तो भोळा सांब. एका ठगाने बापाला गंडवताना पोरगा जिमी डोळ्यांनी पाहतो आणि मग स्वतःही गल्ल्यात हात घालतो. म्हणजे चोरी झाली हे खरे; पण दुकान बुडाले ते केवळ त्या चोरीने, हे चकचे अनुमान. कायद्याचा एवढा जाणकार माणूस वस्तुस्थिती आणि कार्यकारण यांत गल्लत करतो, आणि तीही फक्त भावाच्या बाबतीत.

तिसरी खोट सर्वांत खोल आहे. आई मरणशय्येवर असताना चक उशाशी बसून असतो; जिमी खायला आणायला बाहेर जातो. नेमकी तेव्हाच आई डोळे उघडते, जिमीचे नाव घेते आणि जाते. जिमी परतल्यावर विचारतो, ती काही म्हणाली का? चक नाही म्हणतो. या खोट्यात चकचा रुपयाचाही फायदा नाही, कुणाच्या कायद्याचेही रक्षण नाही. ज्याने सगळे नियम पाळले त्याच्या वाट्याला शेवटचा शब्दसुद्धा आला नाही, हे शल्य तेवढे आहे. सनदेविषयीचा त्याचा कडवेपणा याच मुळातून पोसला जातो. कायदा ही एकच जागा अशी होती जिथे आवडता मुलगा जिमी पोहोचू शकणार नव्हता.

हे दोन्ही पक्ष एकमेकांवर आदळतात ते तिसऱ्या पर्वाच्या पाचव्या भागात. चकने जिमीचा कागद बदलल्याचा कबुलीजबाब चोरून टेप केलेला. ती टेप नष्ट करायला जिमी त्याच्या घराचे दार फोडून शिरलेला. आणि आता वकिलांच्या शिस्तपालन समितीसमोर जिमीची सनद पणाला लागलेली. चक साक्षीदार म्हणून येतो तो तयारीने, शांत, मुद्देसूद. ज्या घटस्फोटित पत्नीपासून त्याने आपला आजार लपवला, त्या रिबेकाला जिमीने मुद्दाम बोलावून समोर बसवले आहे. हे क्रूर आहे. नाजूक जागा कुठे आहे ते सख्खा भाऊच जाणे. उलटतपासणीत जिमी स्वतःच्या खिशातला फोन काढतो. यात बॅटरी नाही, हे चक हसत ओळखतो. मग बॅटरी कुठे आहे? ती चकच्याच कोटाच्या खिशात निघते. ह्यूएल नावाच्या माणसाने जिन्यात धक्का लागल्याचे निमित्त करून ती सरकवलेली असते. जवळजवळ पावणेदोन तास ती तिथे आहे आणि चकला काहीही जाणवलेले नाही.

यानंतर चकचा जो स्फोट होतो, त्याची गंमत (हा शब्द इथे कडू आहे) अशी की त्यातला जवळजवळ प्रत्येक आरोप खरा आहे. घरक्रमांकांची अदलाबदल, जाहिरातफलकावरून कामगाराला वाचवल्याचे नाटक, सिसेरोतला जुना किळसवाणा प्रकार, सगळे जिमीने केलेले आहे. समितीला मात्र समोर दिसतो तो भावाच्या द्वेषाने ताबा सुटलेला आजारी माणूस. चक मध्येच थांबतो, समितीचे चेहरे पाहतो आणि त्यालाच आपले बोलणे ऐकू येते. खोलीत फक्त दारावरच्या दिव्याची घरघर उरते. जिमीवर एक वर्षाचे निलंबन येते; सनद कायमची जात नाही.

इथे न्यायप्रक्रिया हरली असे म्हणणारे चुकतात. साक्षीदार निष्पक्ष आहे की नाही, हे तपासणे हेच उलटतपासणीचे काम, आणि तिने ते चोख बजावले. सत्य बाहेर आले, एवढेच नव्हे तर दोन सत्ये एकाच वेळी बाहेर आली: जिमीने ते केले होते, आणि चकला ते सिद्ध करायचे होते ते कायद्यासाठी नव्हे. यंत्रणेपाशी यांतल्या एकाचाच निकाल देण्याची सोय होती.

'दोघेही सारखेच दोषी, सगळे करड्या रंगाचे' हा तिसरा, आळशी पक्षही काही समीक्षक मांडतात. त्यावर फार शब्द खर्चायला नकोत. मालिका दोषांचे माप फार काटेकोर ठेवते. नोकरी नाकारणे, म्हातारीला एकटी पाडणे, हॉवर्डला संपवणे, यांत कुठेही बरोबरी नाही आणि लेखकांनी ती सुचवलेलीही नाही. नैतिक गुंतागुंत म्हणजे वजनकाटा फेकून देणे नव्हे.

मालिकेचा सिद्धान्त वेगळा दिसतो. स्वतःच्या खटल्यात कुणीही न्यायाधीश होऊ शकत नाही, हा नैसर्गिक न्यायाचा पहिला धडा कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. चकला तो तोंडपाठ असणार. सनदेच्या प्रश्नात मात्र फिर्यादी तो, साक्षीदार तो, आणि निवाडाही त्याचाच. आई, बाप, दुकान हे त्याचे स्वतःचे दावे. ते त्याने कायद्याच्या नावाने चालवले. किम चकला तोंडावर सुनावते तेव्हा तीही निष्पक्ष नसते. चकचा आरोप खरा आहे हे तिला उमगलेले असते, आणि गेलेले अशील त्या लबाडीमुळेच तिच्याकडे परत आलेले असते. पक्षपाती नसलेले डोळे या कथेत कुणालाच नाहीत. दोन्ही पूर्वपक्ष या जागी चुकतात. एक पक्ष चकच्या हेतूकडे पाहून त्याचा आरोप फेटाळतो, दुसरा आरोप खरा म्हणून हेतू माफ करतो. आरोप खरा आणि निवाडा अन्याय्य, या दोन्ही गोष्टी एका माणसात एकत्र नांदतात.

याच सिद्धान्ताची दुसरी बाजू जिमीची. निलंबनानंतर विम्याचा हप्ता परत मिळत नाही म्हटल्यावर तो विमा कार्यालयात रडण्याचे सोंग आणतो आणि बोलता बोलता चकचे समितीपुढचे कोसळणे सांगून टाकतो. वकिलांच्या व्यावसायिक विम्याचे दर चढतात, हॉवर्ड चकला पेढीतून बाहेर काढतो. शेवटच्या भेटीत चक जिमीला सांगतो की तू माझ्या लेखी कधी फारसा नव्हतासच, आणि नंतर भिंतीत कुठेतरी वीज वाहते आहे या भ्रमात अख्खे घर उखडतो. पायाने ढकललेला कंदील पडतो आणि घर पेटते.

विमा कार्यालयातले ते दोन अश्रू कुठल्याही दंडसंहितेत बसत नाहीत. मालिकेच्या शेवटच्या भागात पकडला गेलेला सॉल सरकारी वकिलांशी घासाघीस करून आपली शिक्षा सात वर्षांवर आणतो. किम न्यायालयात येऊन बसल्यावर मात्र तो सगळे कबूल करतो, शिक्षा ८६ वर्षांवर जाते. त्या कबुलीत तो चकविषयी, त्या विम्याविषयीही बोलतो. त्याचा वकील बिल ओकली त्याला समजावतो की भावाचे ते प्रकरण गुन्ह्यात मोडतच नाही. होता, तो गुन्हाच होता, असे जिमी म्हणतो. आणि न्यायाधीशांनी सॉल म्हणून पुकारल्यावर आपले नाव जेम्स मॅकगिल असल्याचे सांगतो.