सहा हजारांची सूट, अठरा हजारांचं व्याज

२०२५ च्या २२ सप्टेंबरला, अगदी घटस्थापनेच्या दिवशी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून कॉलेजच्या स्टँडवर एकच वाक्य ऐकू येतं, 'गाडी दहा टक्क्यांनी स्वस्त झाली ना बे!' दसरा झाला, दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं किंवा विकलं गेलं, कपाशीची वेचणी सुरू झाली. वर्धा जिल्ह्यात घरातला पोरगा किंवा पोरगी बाबांसमोर गाडीचा विषय काढते ती याच दिवसांत. म्हणून आधी हे दहा टक्के नीट पाहू.

जुन्या करासकट ८० हजार एक्स-शोरूम किंमत असलेली गाडी घ्या. त्यातली मूळ किंमत ६२,५०० रुपये आणि वर २८ टक्के कर. आता त्याच मूळ किमतीवर १८ टक्के लावले की होतात ७३,७५०. म्हणजे वाचले ६,२५० रुपये, जुन्या किमतीच्या पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. दहा नाही. तरी सूट खरी आहे, ती नाकारायचं कारण नाही. आपल्याकडे रोड टॅक्सही गाडीच्या किमतीवर बसतो, ९९ सीसीपर्यंत १० टक्के आणि त्यापुढे २९९ पर्यंत ११ टक्के. त्यामुळे तोसुद्धा सहाशेवर रुपयांनी उतरतो. गंमत अशी की ९७ सीसीची स्प्लेंडर आणि १०२ सीसीची प्लॅटिना रस्त्यावर सारखीच पळते, पण कराच्या खिडकीत दोघींची रांग वेगळी.

आता ऑन-रोड. ७३,७५० मध्ये रोड टॅक्सचे ७,३७५ मिळवा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ च्या सप्टेंबरपासून सक्तीचा आहे. ७५ ते १५० सीसीसाठी २०२२ पासून तो ३,८५१ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. त्यावर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, नोंदणी, नंबरप्लेट. मग कोटेशनच्या तळाशी 'अ‍ॅक्सेसरीज किट' आणि 'हँडलिंग' असं काहीतरी लिहिलेलं असतं. तिथे बोट ठेवून विचारा, हे कशाचं? सीट कव्हर, लेग गार्ड, टाकीचा पट्टा घ्यायलाच पाहिजे असं कुठे नाही. विमासुद्धा शोरूमनं दिलेलाच घ्यायचं बंधन नाही, बाहेरून घेता येतो. हेल्मेटचं मात्र उलट आहे. नव्या दुचाकीसोबत बीआयएस मानकाचं हेल्मेट देणं मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे आणि नेमकं तेच कुणी आठवणीनं देत नाही. मागून घ्या.

धरून चाला, सगळं मिळून ८८ हजार. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. म्हणजे ही गाडी साडेसोळा क्विंटल सोयाबीनची झाली, तेही हमीभाव पदरात पडला तर. मोंढ्यात तो मिळतोच असं नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. एकरी पाच-सात क्विंटल पकडले तर दोन-तीन एकरांचं अख्खं पीक, बियाणं-फवारणी-मजुरी न वजा करता. म्हणून रोख कुणी देत नाही. आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलवर सांगितला जातो तो बहुतेक वेळा फ्लॅट रेट. 'फक्त दहा टक्के, छत्तीस हप्ते.' ६० हजारांचं कर्ज, १० टक्के फ्लॅट, तीन वर्षं. व्याज झालं १८ हजार, एकूण ७८ हजार, हप्ता २,१६७ रुपये. मेख अशी की तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६० हजारांवर मोजलं जातं. शिल्लक मुद्दलावर मोजलं तर हाच दर जवळजवळ १८ टक्के भरतो. जीएसटीत वाचले सव्वासहा हजार आणि व्याजात गेले अठरा. बँकेनं शिल्लक मुद्दलावर ११-१२ टक्क्यांनी कर्ज दिलं तर याच ६० हजारांचं व्याज अकरा-बारा हजारांत आटोपतं. थोडी धावपळ आहे, कागद लागतात, पण फरक करातल्या सुटीएवढाच आहे.

यावर एक हत्यार आपल्या हातात आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं आणि त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा. वाणिज्य शाखेची मुलं कॉलेजात हे गणित सोडवतात आणि शोरूममध्ये मात्र 'हप्ता किती बसन?' एवढंच विचारतात, हे मला कधी कळलं नाही.

हप्ता ठरला की पेट्रोल. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे हजार किलोमीटर. देवळीहून वर्ध्याला येणाऱ्या पोराचं साधारण एवढं होतं. पेट्रोल १०५ रुपये आणि मायलेज ६० धरलं तर महिन्याला १,७५०. हप्त्यासकट चार हजारांच्या घरात, आणि सर्व्हिसिंग, पंक्चर, ऑइल वेगळं. समोर ठेवा एसटीचा पास. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं, तरी विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत आहे आणि २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धं तिकीट. पैशांत एसटीला तोड नाही. हरते ती वेळेत. प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली असते आणि फाट्यापासून गाव तीन किलोमीटर आत असतं. ज्यांच्या गावाला एसटी नीट आहे त्यांनी वर्षभर थांबायला हरकत नाही. ज्यांची अडचण फाट्यापासून आतली आहे, त्यांच्यासाठी गाडी चैन नाही.

मायलेजवर आपण फार भांडतो. पंचावन्न देणारी आणि साठ देणारी यांच्यात वरच्या हिशेबानं महिन्याला १६० रुपयांचा फरक पडतो. शहरातल्या शहरात दहा किलोमीटर फिरणाऱ्याला तर चाळीसच. त्या चाळीस रुपयांसाठी लोक ब्रेक कोणते आहेत हे विचारायचं विसरतात.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. सध्याचा नियम असा की १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस सक्तीचं आणि १२५ पर्यंत सीबीएस चालतं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवशिक्यांना ते उपयोगी आहे, कारण आपल्यातले बहुतेक जण पुढच्या ब्रेकला घाबरतात. पण घाबरून जोरात दाबलं आणि चाक जाम झालं, तर सीबीएस ते सोडवत नाही. एबीएस सोडवतं. चाक जाम होतंय असं दिसताच ब्रेकचा दाब क्षणभर सैल करून पुन्हा धरतं, सेकंदाला कितीतरी वेळा. त्यामुळे हँडल तुमच्या ताब्यात राहतं. छोट्या गाड्यांना मिळतं ते बहुधा सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. तेवढंही पुष्कळ आहे. जून २०२५ मध्ये केंद्रानं मसुदा काढला, त्यात १ जानेवारी २०२६ पासून सगळ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस आणि विक्रीसोबत दोन हेल्मेट असा प्रस्ताव होता. कंपन्यांची कुरकुर किमतीवरून आहे. शंभर सीसीच्या गाडीला डिस्क आणि एबीएस लावलं की ती काही हजारांनी महागणार, हे खरंच.

पण आपले रस्ते बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. कपाशीनं भरलेली ट्रॉली मागं लाल दिवा न लावता अंधारात उभी असते. सेलूकडून बोरच्या बाजूला किंवा आर्वी-कारंजाकडे संध्याकाळी निघालात तर रोही किंवा रानडुक्कर कधी आडवं येईल सांगता येत नाही. अशा वेळी विचार करायला जेमतेम एक सेकंद मिळतो. माझं मत सरळ आहे, रोज हायवे किंवा अंधार असेल तर हप्ता दीड-दोनशेनं वाढला तरी एबीएसवालीच घ्या. हे लहान गाडीत जमत नाही असंही नाही. बजाजनं २०२२ च्या डिसेंबरमध्ये प्लॅटिना ११० एबीएससकट आणली होती आणि हिरोची एक्स्ट्रीम १२५ आर २०२४ पासून आहे. शोरूममध्ये दुकानदार आधी जे मॉडेल पुढं करतो ते पडून असलेलं असू शकतं, म्हणून नाव घेऊन विचारा.

इंजिन किती मोठं घ्यायचं हेही रस्त्यावरूनच ठरतं. शंभर सीसीची ताकद आठ पीएसच्या आसपास. सेवाग्रामला आठ किलोमीटर जायला, सावंगीच्या दवाखान्यात डबा पोचवायला, गल्लीबोळात फिरायला ती भरपूर झाली. वजनही कमी असतं. स्प्लेंडर ११२ किलो, २०२३ ला आलेली शाइन १०० तर ९९ किलो. बारीक अंगाच्या मुलीला स्टँडवरून काढायला हा फरक जाणवतो. पण देवळी-यवतमाळच्या चौपदरी रस्त्यावर मागं मित्र बसवून ट्रक ओलांडायचा झाला तर शंभर सीसीत ऐंशीच्या पुढं दम उरत नाही आणि ओव्हरटेक लांबतो. तिथे १२५. समृद्धी आपल्याच जिल्ह्यातून जातो, पण तिथे दुचाकीला बंदी आहे, तेव्हा त्या स्वप्नासाठी मोठं इंजिन घेऊ नका.

टेस्ट राइड एकट्यानं शोरूमभोवती फेरी मारून होत नाही. मागं कुणाला तरी बसवा, उड्डाणपुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये नेऊन बघा, खड्ड्यात मागच्याला विचारा कंबर शाबूत आहे का. जमलं तर दुपारी जा. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीशी ओलांडतो आणि सिग्नलवर एअर-कूल्ड इंजिनाची धग मांडीला लागते.

मध्येच एक गोष्ट, वर्ध्याची म्हणून. बजाज ऑटो १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. हे बच्छराज म्हणजे वर्ध्याचे सेठ, ज्यांनी जमनालाल बजाज यांना नातू म्हणून दत्तक घेतलं. शोरूममधल्या त्या गाड्यांच्या कंपनीचं पहिलं नाव आपल्या गावातलं आहे. याच कंपनीनं जुलै २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ आणली, दोन किलो सीएनजी आणि दोन लिटर पेट्रोल. हिशेब भुरळ पाडणारा आहे, पण तुमच्या रोजच्या रस्त्यावर सीएनजी पंप नसेल तर दोन लिटरची छोटी टाकीच वागवावी लागेल.

राहिला सेकंड हँडचा पर्याय. माझ्या मते पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्यासाठी तो नव्यापेक्षा शहाणपणाचा आहे, फक्त आता त्यात इथेनॉलचं प्रकरण आलंय. पंपावर सध्या मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एप्रिल २०२३ पासून गाड्या त्याच्या दृष्टीनं बनू लागल्या. त्याआधीच्या गाड्यांचे रबरी पाइप, सील हे त्यासाठी नव्हते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या पद्धतीच्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असं नोंदवलं होतं. साठाचं अठ्ठावन्न होणं ही काही आपत्ती नाही. पण महिनोन्‌महिने उभी राहिलेली जुनी कार्बोरेटरवाली गाडी घेत असाल तर टाकीत आतून गंज आहे का, पेट्रोलचा पाइप कडक झालाय का, हे मेकॅनिकला दाखवा. एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-सिक्स फ्युएल इंजेक्शनची गाडी मिळाली तर त्यातल्या त्यात बरी. मात्र तिच्या सेन्सरचं काम गावातल्या प्रत्येक मेकॅनिकला जमत नाही, हेही आधी विचारून ठेवा.

थंड इंजिन स्वतः सुरू करून बघा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर अर्धा तास गप्पा मारा, मग बघा. चेन ढिली, स्प्रॉकेटचे दात टोकदार, पुढचा सस्पेन्शन ऑइलनं ओला, हँडल सोडलं की गाडी एका बाजूला जाणं, यातलं काहीही दिसलं तर भाव पाडा किंवा निघा. एमएच ३२ पासिंग आहे की बाहेरची, चलानं थकलीत का, विमा कधी संपतोय, हे गाडीचा नंबर टाकून परिवहनच्या अ‍ॅपवर दिसतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का ते पाहा. आरसीवर फायनान्सचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या समोर घ्या आणि ते आरटीओत स्वतः नेऊन टाका. 'नंतर करून देतो ना भाऊ' म्हणणारा नंतर फोन उचलत नाही, आणि मधल्या काळात अपघात झाला तर कागदावर मालक वेगळा, चालवणारा वेगळा अशी स्थिती होते. विमा कंपनी आधी तेच विचारते.