सेवा करणाऱ्यांचे स्वास्थ्य

ऑक्टोबर २०२३ चा पहिला आठवडा नांदेडकर सहजासहजी विसरणार नाहीत. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. पुढील २४ तासांत आणखी सात जणांनी प्राण सोडले. ४८ तासांत ३१ मृत्यू! अवघा महाराष्ट्र हादरला. मंत्र्यांचे दौरे झाले, चौकशीच्या घोषणा झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि औषधे नाहीत, खाटा नाहीत, माणसे नाहीत ही कारणे चालणार नाहीत, असे शासनाला बजावले. याच गदारोळात हिंगोलीचे तत्कालीन खासदार रुग्णालयात आले आणि त्यांनी थेट अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून प्रसाधनगृह स्वच्छ करून घेतले. ते दृश्य देशभर पोहोचले. पुढे या प्रकरणी गुन्हाही नोंदला गेला.

त्या दृश्याने काहींचा संताप शमला असेल, परंतु प्रसाधनगृह अस्वच्छ का होते, याचे उत्तर त्यातून मिळाले नाही. सफाई कामगारांची पदे किती, भरलेली किती, असलेल्या माणसाच्या वाट्याला किती कक्ष येतात, रात्रपाळीला किती परिचारिका असतात, निवासी डॉक्टर सलग किती तास जागा असतो, हे प्रश्न तेव्हा विचारावयास हवे होते. ते विचारले गेले नाहीत. ज्या संस्थेचा प्रमुख सर्वांदेखत अपमानित होतो, त्या संस्थेतील कनिष्ठ कर्मचारी त्यातून कोणता धडा घेतो? चूक झाली तर ती लपवावी, कमतरता दिसली तर बोलू नये, आणि जमल्यास येथून बदली करून घ्यावी. रुग्णालयासाठी याहून घातक धडा दुसरा नाही.

गिरणीला भोंगा होता

विष्णुपुरीच्या या रुग्णालयावर केवळ नांदेड शहराचा भार नाही. हिंगोली, परभणी, यवतमाळचा काही भाग आणि तेलंगणाच्या सीमेवरील गावे येथे येतात. ७०-८० किलोमीटरच्या परिघात अत्यवस्थ गरीब रुग्णाला दुसरा आधार नाही, हे त्या वेळी रुग्णालयानेच सांगितले होते. मंजूर खाटांपेक्षा कितीतरी अधिक रुग्ण दाखल असणे हे येथे नित्याचेच. खाटेवर जागा नसेल तर रुग्णाला जमिनीवर गादी टाकून देता येते. परिचारिकेचे दोन हात मात्र चार करता येत नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात दर तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. शासकीय रुग्णालयाच्या कक्षात ज्यांनी एक रात्र काढली आहे, त्यांनी हा हिशेब स्वतःच मनाशी मांडून पाहावा.

डॉक्टरांची स्थिती याहून निराळी नाही. केंद्र शासनाने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांविषयी निर्देश काढले. सलग काम सामान्यतः १२ तासांपेक्षा अधिक नसावे, कनिष्ठ निवासी डॉक्टरांना आठवड्यास साधारणतः ४८ तास काम असावे आणि आळीपाळीने साप्ताहिक सुटी मिळावी, असे त्यात म्हटले होते. तीन दशके लोटली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी अहवाल दिला. त्यासाठी ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांची मते घेण्यात आली होती. सुमारे ४५ टक्के विद्यार्थी आठवड्यास ६० तासांहून अधिक काम करतात आणि निम्म्याहून अधिकांना साप्ताहिक सुटी मिळत नाही, असे त्यातून दिसले. कृतिदलाने सुचविलेली मर्यादा आहे आठवड्याला ७४ तास, सलग २४ तासांहून अधिक नाही. म्हणजे ज्या मर्यादेला आज सुधारणा म्हणावे लागते, ती १९९२ च्या नियमाच्या दीडपटीहून अधिक आहे!

नांदेडच्या जुन्या पिढीला गिरणीचे दिवस आठवत असतील. गिरणीचा भोंगा वाजला की पाळी सुटे. यंत्र दुसऱ्या हाती जाई. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले, दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विश्रांतीची खोली आणि जेवणाची जागा बंधनकारक केली. कापड विणणाऱ्याला जे मिळाले, ते जीव वाचविणाऱ्याला का मिळू नये? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर भगिनीची अत्याचार करून हत्या झाली. प्रदीर्घ कर्तव्यानंतर ती चर्चासत्राच्या दालनात विसावली होती. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि ३६-४८ तासांची कर्तव्ये अमानुष असल्याचे म्हटले.

लातूरच्या घराघरातून निघणारी वाट

हा प्रश्न डॉक्टर मंडळींचा आहे, असे समजून मध्यमवर्गीय वाचकाने पान उलटू नये. कारण या वाटेचा आरंभ आपल्याच घरातून होतो. 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलांना वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडून दिले, हे या मातीचे मोठे कर्तृत्व आहे. त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. परंतु त्याच वेळी आपण मुलाला काय शिकविले? जो कमी झोपतो तो पुढे जातो; थकवा सांगणे म्हणजे दुबळेपणा. सतराव्या वर्षी अंगवळणी पडलेली ही शिकवण घेऊन तो मुलगा पंचविसाव्या वर्षी कक्षात उभा राहतो. तिथे वरिष्ठ त्याला तेच सांगतात, आणि पुढे तोही आपल्या कनिष्ठाला तेच सांगतो. लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मधील, नांदेडचे १९८८ मधील. या काळात येथून बाहेर पडलेल्या डॉक्टरांपैकी अनेक जण आज स्वतःच वरिष्ठ आहेत. साखळी तोडण्याचा अधिकार त्यांच्या हाती आहे.

निद्रेअभावी होणारी हानी आता मोजता येते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्यास ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के अधिक, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो. ही झाली काम करणाऱ्याची हानी. रुग्णाचे काय? न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली एका १८ वर्षांच्या विद्यार्थिनीचा रुग्णालयात मृत्यू झाला आणि थकलेल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न ऐरणीवर आला. १९८९ पासून त्या राज्याने आठवड्यास ८० तासांची मर्यादा घातली. पेंगुळलेल्या डोळ्यांनी औषधाची मात्रा लिहिणारा डॉक्टर कितीही गुणी असला, तरी त्याच्या हातून चूक होण्याची शक्यता वाढते.

फलक लावून स्वास्थ्य येत नाही

अलीकडे कार्यालयांतून 'वेलनेस' नावाचा एक नवा सोहळा अवतरला आहे. एखादे व्याख्यान, एखादे ध्यानाचे सत्र, भ्रमणध्वनीवरील एखादे ॲप, आणि २१ जूनला सामूहिक योग. योगाचे मोल या वाचकांना वेगळे सांगावयास नको. परंतु योग ही साधना आहे. व्यवस्थेच्या त्रुटी झाकण्याची चादर म्हणून तिचा उपयोग करणे हा साधनेचाही अवमान आहे. ३० तास जागलेल्या परिचारिकेला श्वासावर लक्ष केंद्रित करण्यास सांगणे ही क्रूर थट्टा होय. तिला झोप हवी आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील एका संशोधकाने ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही. अपवाद एकच दिसला, स्वयंसेवेची संधी. दुसऱ्यासाठी काही करावयास मिळाले की माणसाला बरे वाटते, हे आपल्याला परके नाही. मात्र ती संधी कामाचा भार कमी करण्याला पर्याय ठरू शकत नाही, हेही तितकेच खरे.

येथे एक आक्षेप हमखास येतो. पूर्वीच्या पिढीने घड्याळ पाहिले होते काय? डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये लातूरसारख्या तेव्हाच्या लहान गावी विवेकानंद रुग्णालय उभारले, ते तास मोजून का? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. त्या मंडळींनी ती वाट स्वतः निवडली होती. आपल्या संस्थेचे निर्णय त्यांच्या हाती होते, सोबत ध्येयाचे सोबती होते. स्वेच्छेने पत्करलेला कष्ट तप ठरतो. दुसऱ्याने लादलेला कष्ट, तोही रिकाम्या पदांची भरपाई म्हणून, वेठ ठरतो. आपण त्यागाचे गोडवे गातो ते स्वतःच्या त्यागाचे असावेत. दुसऱ्याच्या झोपेचा त्याग आपण परस्पर करू शकत नाही.

करावयाचे काय?

उपाय अवघड नाहीत. रिक्त पदे वेळेत भरावीत आणि बदल्यांमुळे कक्ष ओस पडणार नाही, असे नियोजन व्हावे. प्रत्येक विभागाने कर्तव्याचे वेळापत्रक उघड फलकावर लावावे, म्हणजे १९९२ चा नियम कागदावर राहणार नाही. कक्षाजवळ आतून बंद होणारी, खाट, पाणी आणि स्वच्छ प्रसाधनगृह असलेली विश्रांतीची खोली असावी. महिला कर्मचाऱ्यांसाठी ती वेगळी असावी. २०१३ च्या कायद्याने बंधनकारक केलेली अंतर्गत तक्रार समिती नावापुरती नसावी. तिच्या सदस्यांची नावे सर्वांना ठाऊक असावीत. मन फारच खचले तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तो कक्षात लावलेला असावा, आणि तो फिरविणाऱ्यास कोणी हिणवू नये. दोषी कोणी असेल तर त्याची रीतसर चौकशी होऊन शिक्षा व्हावी; झाडू हाती देणे ही चौकशी नव्हे.

समाजानेही आपला वाटा उचलला पाहिजे. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्यात २०१० चा कायदा आहे, तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला अमानुष मारहाण झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर कामापासून दूर झाले. आपला रुग्ण दगावल्याचे दुःख असह्य असते. परंतु त्या क्षणी समोर उभा असलेला तरुण हा त्या व्यवस्थेतील सर्वांत दुर्बळ दुवा असतो, हे नातेवाइकांना कोणीतरी शांतपणे समजावून सांगावयास हवे. तो 'कोणीतरी' आपण होऊ शकतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर अखंड चालतो, कारण तेथे सेवेचे हात अनेक आहेत आणि ते बदलत राहतात. रुग्णालयाच्या दारात केसपेपर काढून देणे, तपासणीची खोली दाखविणे, नातेवाइकांची गर्दी आवरणे, रक्तदाता मिळवून देणे ही कामे परिचारिकेने करावयाची नाहीत; आज ती तिलाच करावी लागतात. प्रत्येक नगरातून आठवड्यास चार तास देणारे दहा कार्यकर्ते मिळाले, तरी विष्णुपुरी आणि लातूर या दोन्ही ठिकाणी तिचा काही भार हलका होईल.

आपल्या भाषेत 'स्वस्थ' या शब्दाला निरोगी असा अर्थ आहे आणि निवांत असाही. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, कारण निवांतपणाशिवाय निरोगीपण टिकत नाही. पुढच्या वेळी कोणा आप्ताला भेटावयास शासकीय रुग्णालयात जाल, तेव्हा तेथील परिचारिकेला एवढेच विचारून पाहा, 'ताई, तुमची पाळी केव्हा सुटते?' तिचे उत्तर ऐका, आणि ते आपल्या लोकप्रतिनिधीला लेखी कळवा.