धारपांची ‘आजी’ आणि ‘तुंबाड’

‘तुंबाड’ चित्रपटाने नारायण धारपांच्या ‘आजी’ कथेची वाट लावली, हे गेल्या अंकातल्या पत्रातले म्हणणे काही पटले नाही. ‘आजी’ मुळात स्टीफन किंगच्या कथेवरून आलेली. धारपांनी ती मराठी घरात आणून बसवली, त्याचे आपण कौतुकच करतो. मग दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनाच वेगळा न्याय का? कथेतला ऐवज चित्रपटाच्या पहिल्या भागातच संपतो. देवीचा लोभी पुत्र हस्तर, त्याची लंगोटी, मुद्रा हा पसारा नवा आहे. (पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी शोधायला गेलेल्यांची तर फसगतच, संबंध नावापुरता.)

आणि तो पसारा बेतला आहे किती चोख! नायक विनायक दोरीने खाली हस्तरपाशी उतरतो, पिठाचे रिंगण आखतो, कणकेची बाहुली काढतो. हस्तर तिच्यावर तुटून पडला की लंगोटीतून मुद्रा ओढायच्या आणि वर पळायचे. हे नियम डोक्यात पक्के बसलेले असतात, म्हणूनच शेवटी जास्त बाहुल्या नेण्याची हाव अंगावर येते.

माझी तक्रार वेगळी आहे. कोकणातला ब्राह्मणी वाडा, बाहेर धो धो पाऊस, आणि घरात सगळे बोलतात हिंदी! हस्तरचा धाकसुद्धा हिंदीतच. ‘प्रभात’ फिल्म कंपनीने १९३२ मध्ये इथे कोल्हापुरात ‘माया मच्छिंद्र’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला होता. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ला ते जमू नये? पत्रलेखकाला नेमके हेच खटकले नाही, याचे नवल वाटते.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर