विज्ञानवार्ता : चार खेपांचे काम तीन खेपांत

टेकडीच्या अलीकडे एक गाव आहे व पलीकडे दुसरे, अशी कल्पना करा. मधल्या माथ्यावर बिनतारी संदेश घेऊन पुढे धाडणारे एक यंत्र आहे. अलीकडील गावात नांदणारी लेक आपल्या बाळाचे छायाचित्र माहेरी पाठविते. त्याच सुमारास आईचे पत्र लेकीकडे निघते. दोन्ही घरे परस्परांच्या टप्प्यात नसल्यामुळे प्रत्येक संदेश माथ्यावरूनच जावयाचा. लेकीचा संदेश माथ्यावर, तेथून आईकडे. आईचा संदेश माथ्यावर, तेथून लेकीकडे, अशा चार खेपा होतात. एकाच लहरीवर दोघे एकदम बोलू लागले, तर कोणाचेच नीट ऐकू येत नाही. म्हणून एकाची खेप ही दुसऱ्याची प्रतीक्षा ठरते. गर्दीच्या वेळी मोबाइलवरील चित्र अडखळते, त्याचे एक कारण हेच.

यातील एक खेप वाचविता येईल काय? येईल, आणि तीही नवा मनोरा न उभारता.

माथ्यावरील यंत्राने दोन्ही संदेश घ्यावेत व त्यांची बेरीज करून ती एकदाच प्रसृत करावी. संगणकाचा सारा मजकूर ० व १ या दोन अंकांत लिहिलेला असतो. बेरजेचा नियम सोपा आहे : समोरासमोरचे अंक सारखे असल्यास ०, भिन्न असल्यास १. समजा, लेकीचा संदेश १०११ व आईचा ०११० आहे. तर बेरीज ११०१ होते. ती दोन्ही घरी एकाच वेळी पोहोचते. लेकीजवळ स्वतःच्या संदेशाची प्रत असतेच. ती ११०१ मध्ये त्याच नियमाने मिळविली की ०११०, म्हणजे आईचा संदेश, हाती येतो. आईलाही तसाच १०११ मिळतो. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन हा ताळा अवश्य करून पाहावा.

या पद्धतीस ‘नेटवर्क कोडिंग’ म्हणतात. मधल्या ठाण्याने टपालवाल्याप्रमाणे संदेश जसाच्या तसा न देता त्यांचे मिश्रण केले, तर जाळ्याची वहनक्षमता वाढू शकते, हे आल्स्वेडे, काई, ली व येउंग या चार संशोधकांनी २००० साली सिद्ध केले. पुढे २००६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सचिन कट्टी, दीना कताबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २० यंत्रांच्या बिनतारी जाळ्यावर तिचा प्रत्यक्ष प्रयोग केला. कट्टी हे मुंबईच्या आय. आय. टी.चे पदवीधर, ही गोष्ट आपणांस विशेष आनंदाची वाटेल.

तथापि हा लाभ सर्वत्र सारखा नाही. प्रयोगात तो कोठे काही टक्के, तर कोठे काही पट आढळला. दोन्ही दिशांनी संदेश वाहत असतील तेथे बेरजेला जोडीदार मिळतो. घरी बसून केवळ चित्रपट पाहिला जात असेल, तेथे प्रवाह बहुतांशी एकाच बाजूचा असतो आणि वाचवायला फारसे काही उरत नाही. शिवाय ज्याने स्वतःच्या संदेशाची प्रत राखली नाही, त्याला ती बेरीज उलगडत नाही.

टेकडीवरच्या त्या यंत्रास मात्र दोन्ही गावे सारखीच. लेक आणि आई दोघीही बोलत असतील, तर त्याची एक खेप निश्चितच वाचते, आणि ती वेळ तिसऱ्या कोणाच्या तरी घराला मिळते.