सेनिओचा बांध

युद्धप्रसंगाची लहान प्रतिकृति रचावयाची म्हणजे आधीं रणगाडे जमवावयाचे, असा मुलांचा समज असतो. आमच्या मतें आधीं मोजपट्टी हवी. इटलींतील सेनिओ नदीवर ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनीं गोळ्यांच्या वर्षावांत दोन जखमी सोबत्यांस, दोन खेपा करून, खोल पाण्यांतून व उभ्या बांधावरून सुरुंगांच्या पट्ट्यापलीकडे नेलें. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १:७२ या प्रमाणांत माणूस जेमतेम एक इंच भरतो; सुमारें तीस फुटांचा तो बांध पांच इंच. फळीवर मावत नाहीं म्हणून (हा मोह आम्हांसही झाला होता!) तो दोन इंचांवर आणला, तर पाहणाऱ्यास त्या दुसऱ्या खेपेचे श्रम कसे कळावे? त्यापेक्षां रणगाडे वगळावे, आणि फळीच मोठी घ्यावी.