कापलेला पैसा तुमचा नाही

दहा, पंधरा, पंचवीस माणसं कामाला ठेवणाऱ्या सगळ्या मालक-मालकिणींना माझं कळकळीचं सांगणं आहे. कामगाराच्या पगारातून पीएफ म्हणून जो पैसा तुम्ही कापता, तो कापल्या क्षणापासून त्याचा आहे. तुमच्या चालू खात्यात तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ठेव म्हणून राहिलेला असतो, एवढंच.

लहान कारखान्यांच्या पगाराची, पीएफ-ईएसआयसीची कामं मी बरीच वर्षं करतो आहे. एकदा एक फिटर माझ्याकडे आला. प्लास्टिकच्या पिशवीत अकरा वर्षांच्या पगारचिठ्ठ्या. मुलीचं लग्न ठरलेलं, पीएफमधून पैसे काढायचे होते. प्रत्येक चिठ्ठीवर कपात दिसत होती. पासबुक उघडलं, तर पहिली तीन वर्षं भरणा नियमित आणि पुढे काहीच नाही. त्याच्या तोंडून बराच वेळ शब्द फुटला नाही.

त्याचा मालक लबाड नव्हता. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल अडकलं, त्याच आठवड्यात बँकेचा हप्ता आला आणि त्यानं 'या महिन्यापुरतं' चलन थांबवलं. पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचं भरायचं होतं, तेही जमलं नाही. मग महिन्यांवर महिने साठत गेले. शेवटी मूळ रक्कम, त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वरून दंड भरण्यासाठी त्याला गावाकडची जमीन विकावी लागली. लग्न तोवर व्याजानं आणलेल्या पैशांवर उरकलं होतं.

म्हणून सांगतो, पैशाची ओढाताण झाली की सगळ्यात आधी जी कपात हाताशी दिसते, तिला हात लावू नका. माल देणाऱ्याला चार दिवस थांबवता येतं, बँकेशी बोलता येतं. कामगाराच्या पगारातून कापून न भरलेल्या पैशाला मात्र कायद्यात माफी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या गुन्ह्याला किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि एक लाख रुपये दंड आहे.

वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो. कामगाराचे १२ टक्के, तुमचे १२ टक्के. 'साहेब, पीएफ नको, रोख हातात द्या' असं कामगार स्वतःच म्हणतो, हे खरं आहे. पण तुम्हाला किंवा त्याला ते ठरवण्याची मुभा नाही. ज्याचा पगार कामाला लागतानाच १५,००० च्या वर आहे आणि ज्याचं आधी कधी पीएफ खातं नव्हतं, त्याची गोष्ट तेवढी वेगळी. बाकीच्यांना समोर बसवून समजावा. पीएफ म्हणजे केवळ म्हातारपणाची पुंजी नव्हे. नोकरीत असताना माणूस गेला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन सुरू होतं. त्याच खात्याशी जोडलेल्या विम्यातून घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळू शकतात. हे ऐकल्यावर रोख मागणारा माणूस बहुधा गप्प होतो. निदान माझ्यासमोर तरी झालेला आहे.

दुसरं वाक्य मला फार भीतीचं वाटतं: 'आठवडाभर बघू, टिकला तर नाव घालू.' पॉवर प्रेसला कोण टिकणार आणि कोण नाही हे कळत नसतं. दहा माणसं झाली की ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) लागू होतं. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ते आहे. कामगाराचा पाऊण टक्का, तुमचे सव्वातीन टक्के. कामावर इजा झाली तर या विम्याचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, आधी किती महिने वर्गणी भरली हे विचारलं जात नाही. हात निकामी झाला तर उपचार होतात आणि घरी बसलेल्या दिवसांचा जवळपास ९० टक्के पगार मिळतो. पण नावच घातलं नसेल, तर तो सगळा खर्च फिरून तुमच्याकडे येतो, आणि तेव्हा सव्वातीन टक्के किती थोडे होते ते कळतं. माणूस आला त्याच दिवशी आधार, बँक पासबुक, पीएफचा यूएएन नंबर घ्या आणि नाव घाला. नेमणूकपत्र द्या. तेही आता बंधनकारक आहे. पद, पगार, कामाची वेळ, सुट्टी एवढं साध्या मराठीत एका पानावर मावतं. 'घरचाच पोरगा आहे, कागद कशाला' असं म्हणू नका. घरच्या पोराशीच पुढे वाद झाला तर तोंडी बोलण्याला साक्षीदार कोण?

पगाराची मोडणी करतानाही डोळे उघडे ठेवा. मूळ पगार ७,००० आणि भत्ते १३,००० दाखवून पीएफ वाचवायची पद्धत आपल्याकडे सर्रास होती. आता भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जादाचा भाग वेतनातच धरायचा आहे. म्हणजे या २०,००० मधले १०,००० वेतन, आणि पीएफची कपात ८४० ऐवजी १,२००. ग्रॅच्युइटीही त्यावरच निघते. दहा वर्षं काम केलेल्याला ७,००० वर साधारण ४०,००० मिळाले असते, १०,००० वर ते ५७,००० च्या पुढे जातात. ही तरतूद आजपासूनच बाजूला काढा. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत माणसाला 'ब्रेक' देऊन ग्रॅच्युइटी चुकवणाऱ्यांना मी आजवर विरोध करत आलो आहे. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला आता एका वर्षानंतरही ती द्यावी लागते, याचा मला मनापासून आनंद आहे.

कंत्राटदाराची माणसं वापरत असाल, तर 'ती त्याची माणसं' म्हणून मोकळं होता येत नाही. त्यानं पगार बुडवला, पीएफ भरला नाही, तर वसुली तुमच्या दारात येते. त्याचं बिल मंजूर करण्याआधी मागच्या महिन्याचं चलन मागा आणि त्यात तुमच्याकडे येणाऱ्या माणसांची नावं आहेत का ते स्वतः बघा. नुसता भरणा झाल्याचा शिक्का पुरेसा नाही.

दहा माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, अध्यक्षपदी बाई आणि एक सदस्य बाहेरचा. नसली तर ५०,००० पर्यंत दंड. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा ऐकून 'बायका नकोतच कामाला' म्हणणारे मालक मी पाहिले आहेत. ईएसआयसीत नाव असेल तर त्या रजेचा पगार महामंडळ देतं, तुम्ही नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगल्या कामगार बायका दारातूनच परत गेल्या आहेत.

साप्ताहिक सुट्टीबद्दल जास्त काय सांगू? कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या धडपडीतून १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आणि आजही हॉटेलातला पोऱ्या महिनाभर सलग राबतो. जादा कामाचा मोबदला दुप्पट दरानं द्यायचा असतो. पगार ७ तारखेच्या आत. काम सोडलेल्याचा किंवा काढलेल्याचा पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत.

येत्या १५ तारखेआधी एका संध्याकाळी शटर ओढल्यावर हजेरीपुस्तक आणि पीएफचं चलन शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीकडची नावं मोजा. हजेरीत जेवढी माणसं आहेत तेवढी चलनात नसतील, तर राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आधार कार्ड घेऊन बोलवा.