सूर्यमंदिराचा पाया आणि पर्यटकाची दृष्टी

पेरू देशातील अँडीज पर्वतराजीत, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर कुस्को हे प्राचीन नगर वसले आहे. एके काळी ते इंका साम्राज्याची राजधानी होते. १९८३ साली त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. विरळ हवेने धाप लागलेला पर्यटक येथे कोकाच्या पानांचा चहा घेतो, बारा कोनांच्या सुप्रसिद्ध दगडापाशी छायाचित्र काढतो आणि माचू पिक्चूची वाट धरतो. परंतु हिंदू पर्यटकाने तरी 'कोरिकांचा'पाशी थांबून थोडे चिंतन करावयास हवे.

कोरिकांचा म्हणजे सुवर्णाचे आवार. इंकांचे हे सर्वश्रेष्ठ सूर्यमंदिर. १५३३ साली स्पॅनिश आक्रमकांनी त्याच्या भिंतींवरील सोन्याचे पत्रे उचकटून नेले. पुढे त्याच पायावर सांतो दोमिंगोचा ख्रिस्ती मठ उभा राहिला. १९५०च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली. चुन्याविना सांधलेल्या इंका भिंती मात्र अविचल राहिल्या.

भिंती टिकल्या, पण पूजा टिकली काय? 'इंती रायमी' या सूर्योत्सवावर १५७२ साली बंदी आली. १९४४ साली तो पुन्हा सुरू झाला खरा, परंतु त्यात इंका सम्राटाची भूमिका नट करतो आणि प्रेक्षक तिकीट काढून बसतात. स्थानिक जनतेला त्याचा सार्थ अभिमान आहे. तथापि उपासना आणि उपासनेचा प्रयोग यांत अंतर आहे. याउलट खेड्यापाड्यांतील क्वेचुआ शेतकरी आजही भूमातेला, 'पाचामामा'ला, श्रद्धेने नैवेद्य अर्पण करतो. सम्राटाभोवती गुंफलेला राजधर्म सम्राटाबरोबर कोसळला. घराघरांतला आणि शेतातला धर्म तगला.

हिंदू समाजाने हे मर्म ओळखले पाहिजे. १६६९ साली काशीविश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले, तरी काशीचा यात्रेकरू थांबला नाही. म्हणूनच शतकभरानंतर पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी तेथे मंदिर उभारले, तेव्हा त्यांना भाविक शोधावे लागले नाहीत. १९५१ साली सोमनाथाची पुनःप्रतिष्ठा झाली, तीही जिवंत श्रद्धेच्या बळावर.

आज संकटाचे स्वरूप निराळे आहे. तीर्थक्षेत्री सोयी व्हाव्यात, रस्ते व्हावेत, रोजगार वाढावा, यात गैर काहीच नाही. परंतु यात्रेकरूचाच पर्यटक झाला, दर्शनाची जागा छायाचित्राने घेतली आणि मुलांना क्षेत्राची कथा सांगणारे घरात कोणी उरले नाही, तर आक्रमकाची आवश्यकताच राहणार नाही. मंदिरे झळाळतील, गर्दी उसळेल, आणि तरीही गाभारा रिता असेल. कुस्कोच्या सूर्यमंदिरावर ही वेळ परक्यांनी बळाने आणली. हिंदू समाजाने ती स्वतःच्या हाताने ओढवून घेऊ नये.